नव्या भाताची दिवाळी

सिंधुदुर्गात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे मान असतो तो पोह्यांचा. चकली, चिवडा, करंजी हेही घरात असतेच, गोव्यात डबाभर नेवऱ्या असतात. पण देवापुढचे पहिले पान पोह्यांचे, आणि शेजाऱ्याला हाक मारायची तीही पोह्यांसाठीच. मालवणी मुलखात या दिवसाला ‘चावदिस’ म्हणतात. आदल्या दिवशी कोणी भेटले, की उद्याच्या दिवाळीचे बोलणे ‘फोव खावक येवा’ या एका वाक्यात पुरे होते. तेरेखोल नदी ओलांडून पेडण्यात, बार्देशात, पुढे फोंडा-सासष्टीपर्यंत गेलात तरी बोलीचा हेल बदलतो, आमंत्रण तेच राहते.

उर्वरित महाराष्ट्रात पोहे म्हणजे रोजचा नाश्ता, किंवा मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमातली बशी. त्यामुळे ‘दिवाळीला काय, तर पोहे’ असे सांगितले की पुण्या-नाशिककडच्या माणसाला ते गरिबीचे लक्षण वाटते. पण ही दिवाळी भाताच्या कापणीवर येणारी आहे. आश्विनात शेते पिवळी होतात, दसऱ्याच्या आगेमागे कापणी सुरू होते, झोडणी होऊन पहिले भात घरात येते, आणि त्या भाताचे पोहे चतुर्दशीला देवापुढे जातात. भात पिकवणाऱ्या मुलखाने आपल्या सर्वांत मोठ्या सणाला आपले नवे धान्य पुढे करावे, यापेक्षा श्रीमंत गोष्ट कोणती?

त्या पहाटेचा क्रम ठरलेला असतो. गोव्यात रात्रभर नरकासुर मिरवतात. गवत, कागद आणि बांबूचे हे अक्राळविक्राळ पुतळे उजाडायच्या आत जाळायचे असतात. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ल्याकडेही आता ते होतात. मग घराघरांत तेल-उटणे, ऊन पाण्याची आंघोळ. आंघोळ झाली की तुळशीपुढे यायचे, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, ‘गोविंदा’चा गजर करायचा आणि फुटलेल्या कारटाचा रस जिभेला लावायचा. कारीट हे पावसाळ्यानंतर वईवर, कुंपणावर आपसूक वाढणाऱ्या रानवेलीचे अंड्याएवढे फळ. कडू जहर. मुले तोंडे वाकडी करतात, मोठी माणसे हसतात, आणि ती कडू चव तोंडात असतानाच पोह्यांच्या पानावर बसायचे. त्या कडवटपणावर गुळाचे पोहे जे लागतात, ते एरवी कधीच लागत नाहीत.

आता ते पान. एका प्रकाराने या सणाचे भागत नाही. गोव्यातल्या नेटक्या घरात पाच प्रकार तरी असतात, हौशी घरात सात. पहिला मान कालवलेल्या गोड पोह्यांचा. जाडे लाल पोहे धुऊन निथळत ठेवायचे. ओला नारळ आणि गूळ हाताने चांगला चुरायचा, इतका की गुळाला पाणी सुटावे. त्यात पोहे आणि वेलची घालून पुन्हा हातानेच कालवायचे. विस्तवाचे काम नाही. गूळ कोणता यावर मात्र सगळे अवलंबून. जुन्या गोव्यात हा गूळ माडाचा असे. माडाची सूर आटवून केलेला, काळपट, खारट झाक असलेला, शंकूसारख्या ढेपांत मिळणारा हा गूळ म्हणजे ‘माडाचे गोड’. तो मिळाला तर उसाच्या गुळाकडे वळू नये असे माझे स्पष्ट मत आहे. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर कमी होत चालले आहेत, त्यामुळे तोही आता शोधावा लागतो.

दुसरा प्रकार रोसातला. नारळ वाटून, पिळून जाड रस काढायचा, त्यात गूळ विरघळवायचा, वेलची घालायची आणि वाढायच्या जरा आधी पोहे सोडायचे. पोहे रस पितात, फुगतात, तरी दाताखाली लागतात. तो क्षण साधला पाहिजे. उशीर झाला तर लगदा होतो. दुधातले पोहे मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे. ताकातले पोहे त्याच्या उलट प्रकृतीचे: आंबट ताक, आले, हिरवी मिरची, मीठ आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. गोडानंतर हे ताकातले पोहे आले की जीभ पुन्हा ताजी होते. पुढे फोडणीचे तिखट पोहे, बटाट्याचे पोहे. कोणाकडे दह्यातले.

सोबतीला काय, यावरून गाव ओळखावे. मालवणकडे काळ्या वाटाण्याचे सांबारे. वाटाणे आदल्या रात्री भिजवलेले, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटप, रस्सा दाट. गोव्यात वाटाण्याची उसळ किंवा तोणाक, आणि अनेक घरांत आंबाड्यांचे सासव: आंबट आंबाडे, गूळ, खोबरे आणि वाटलेली मोहरी. त्या मोहरीचा ठसका नाकात जातो. दिवाळीच्या सुमारास आंबाडे झाडाला लगडलेले असतात, म्हणून ते पानात आहेत. त्या पानावरचे बरेचसे जिन्नस त्या दिवसांत त्या परिसरात पिकलेले असतात. भात नवे, नारळ परसातले, आंबाडे कुंपणावरचे, कारीट वईवरचे. तेल लागते ते फोडणीपुरते.

मग फिरणे सुरू होते. आधी आपल्या घरचे पान, मग भावकीत, मग वाडीत. प्रत्येक घरी दोन घास तरी घ्यावेच लागतात, नाही म्हणायची सोय नाही. मुले या घरचे दुधातले, त्या घरचे रोसातले अशी आवड सांगत धावतात. वाडीतल्या बायका एकमेकींचे पोहे चाखून, पुढच्या वर्षी सांगायला, कोणाचा गूळ कमी पडला तेही ध्यानात ठेवतात. फराळाचे ताट झाकून शेजारी पोचवता येते. रोसातले पोहे पोचवता येत नाहीत, ते वाढल्याबरोबर खायचे असतात. त्यामुळे माणसालाच उठून शेजाऱ्याच्या ओसरीवर यावे लागते. वर्षभर बांधावरून अबोला धरलेले दोन भाऊ चावदिसाला एकमेकांकडे पोह्यांना जातात, हे कोकणात नवलाचे नाही.

या सगळ्याचे मूळ पोहे कसे होतात त्यात आहे. भात म्हणजे टरफलासकट दाणे. ते एक-दोन दिवस पाण्यात भिजवतात, निथळतात, मग तापलेल्या खापरात, बहुधा वाळूत, भाजतात. दाणा आत ओला आणि बाहेरून तापलेला असल्यामुळे आतल्या आत शिजतो, मऊ होतो. त्याच अवस्थेत त्याच्यावर घाव पडला पाहिजे. मग तो फुटत नाही, पसरतो. टरफल सुटून कोंडा वेगळा होतो. म्हणूनच पोहे पुन्हा शिजवावे लागत नाहीत, नुसते भिजवले तरी चालतात. सुदाम्याने पुरचुंडीत बांधून नेले तेही यामुळेच: वाटेत चूल लागत नाही.

पूर्वी हे काम घरातल्या व्हायनात होई. व्हायन म्हणजे जमिनीत बसवलेले दगडी उखळ. दोघी जणी समोरासमोर मुसळ घेऊन उभ्या राहत, एकीचे वर गेले की दुसरीचे खाली, आणि तिसरी चुलीपाशी बसून भात भाजून गरम गरम ओतत असे. सावंतवाडीकडच्या एका गावात, तरुणपणी हे काम केलेल्या एका काकींशी मी बराच वेळ बोललो. त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती: भाजणारीचा हात जलद हवा. भात थंड झाले की पोह्यांचा चुरा होतो आणि सगळी मेहनत कण्यांत जाते. दिवाळीआधीच्या रात्री घराघरांतून मुसळांचे आवाज येत, आणि कुठल्या घरी किती वेळ कांडप चालले यावरून त्या घरी भात किती आले ते गावाला कळे. खांदे भरून येत, हाताला फोड येत. हे काम संपले याचे काकींना अजिबात दुःख नव्हते, आणि ते मला पटले. सणाची चव बाईच्या खांद्यांवर तोलून धरण्यात कसले आले सौंदर्य? गिरणी आली हे चांगलेच झाले.

त्याच भागातली एक छोटी पोह्यांची गिरणी मी दसरा आणि दिवाळीच्या मधल्या दिवसांत पाहिली. अशा गिरण्यांचा हंगाम हाच. दाराबाहेर ओल्या भाताची पोती रांगेने लावलेली, प्रत्येकावर धन्याची खूण. आत भट्टीवर वाळू तापलेली, तीत भाताचे घाणे परतले जातात, चाळणीवर वाळू गाळली जाते आणि कढत भात यंत्रात पडते. लोखंडाचे गोल भांडे गरगरा फिरत असते, त्याच्या कडेशी एक जड चाक दाणे दाबत असते. मिनिटा-दोन मिनिटांत लालसर, जाडसर, कडेला जरा फाटलेले पोहे बाहेर येतात. गरम असताना त्यांना जो खमंग वास असतो तो पिशवीत बंद झाल्यावर उरत नाही. मी तिथेच मूठभर कोरडे खाल्ले आणि आणखी मागून घेतले.

या गिरणीची मोठी गोष्ट यंत्रात नाही, रांगेत आहे. इथे तुम्ही तुमचे भात घालता आणि तुमच्याच भाताचे पोहे घेऊन जाता. एक पोते असो की अर्धे, ते दुसऱ्याच्या भातात मिसळत नाहीत. मजुरी वजनावर, कोंडा घरी न्यायचा तर गुरांना होतो. मोठ्या कारखान्याला हे परवडणार नाही. छत्तीसगडमधल्या भाटापाऱ्याहून किंवा मध्य प्रदेशातल्या उज्जैनहून जे पांढरे, एकसारखे पोहे देशभर जातात, त्यांना हजारो शेतकऱ्यांचे भात एकत्र करून कांडावेच लागते. ते पोहे वाईट नाहीत. रोजच्या कांदेपोह्यांना तेच बरे. पण चतुर्दशीच्या पानात ते घातले की त्या पानाचा अर्थ उरत नाही, कारण ते पान आपल्या शेतात काय आले ते देवाला आणि शेजाऱ्याला दाखवण्याचे आहे.

गिरणीवाल्याने रांगेतली काही पोती दाखवून सांगितले, की हे भात विकतचे आहे. सण सोडवत नाही म्हणून लोक दुसऱ्या गावाहून, कधी बाजारातून भात आणून पोहे करून नेतात. त्यांचे स्वतःचे शेत पड आहे.

पोहे कसे करायचे ते कोणी विसरलेले नाही. पाककृती पुस्तकांत आहेत, फोनवर आहेत, दिवाळीत वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून दरवर्षी येतात. गोव्याच्या हॉटेलांत आता दिवाळीच्या आठवड्यात पाच प्रकारच्या पोह्यांची थाळीही मिळते. हरवत आहे ते भात. ‘खाद्यसंस्कृती जपा’ म्हणून आपण जे बोलतो ते बहुतेक वेळा स्वयंपाकघराशी सुरू होते आणि तिथेच संपते. जपणुकीचा सगळा भार घरातल्या बाईवर पडतो आणि शेताकडे कोणी पाहत नाही, याची मला खंत वाटते.

कोकण-गोव्यातल्या जुन्या भातांची नावे घ्यावीत तेवढी थोडी. सिंधुदुर्गात वालय, बेळा, सोरटी. गोव्यात कोरगुट, आसगो, दामगो, खोचरी, पाटणी. यांतली बरीच लाल दाण्याची. लाल रंग दाण्याच्या वरच्या पापुद्र्यात असतो, आणि गावच्या पोह्यांत तो पापुद्रा बऱ्यापैकी टिकतो. त्या पापुद्र्यात तेलाचा अंश असल्यामुळे हे पोहे फार दिवस ठेवले तर खवट होतात. दुकानदाराला ही खोट वाटते. सणाच्या दृष्टीने तोच गुण आहे: हे पोहे नवे असतानाच खायचे, आणि नव्याचा सण म्हणूनच दिवाळीत बसतो.

कोरगुटाची गोष्ट विशेष. गोव्यात मांडवी-जुवारीच्या खाड्यांलगत खाजन शेती आहे. खाडीचे पाणी बांध घालून अडवलेले, आणि भरती-ओहोटीला उघडझाप करणारी लाकडी दारे, म्हणजे मानशी, बसवून पाण्याची ये-जा राखलेली. त्या खारट जमिनीत तग धरणारे भात म्हणजे कोरगुट. उंच वाढते, पाण्यात उभे राहते, उत्पन्न बेताचे देते. अधिक उत्पन्न देणारी जया आणि ज्योती ही वाणे आली तशी जुनी मागे पडली. ज्योतीचा दाणाही लालच, त्यामुळे गोव्याच्या जेवणात ती सहज रुजली, आणि तिचे पोहेही चांगले होतात. शेतकऱ्याने जास्त पिकणारे वाण घेतले यात त्याचा दोष काढता येणार नाही. पण बांधाची निगा राहिली नाही, बांध फुटला आणि खारे पाणी आत आले, तर तिथे पुन्हा कोरगुटच लागते, आणि तोपर्यंत बी कोणाकडे उरलेले नसते.

नव्या भाताचा आनंद या मुलखात धर्माचीही सीमा मानत नाही. गोव्यात गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम होते, कणसे देवापुढे ठेवतात. सासष्टीतल्या राय गावात ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते, ख्रिस्ती शेतकरी पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांवर आशीर्वाद घेतात. कोकणात कुठे दसऱ्याला, कुठे नवान्न पौर्णिमेला दारावर नवे बांधतात: भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान, कुर्डूचे तुरे. पुढे पाडव्याला गोव्यात गुरांना सजवतात, त्या शेतात राबलेल्या जनावरांचा तो दिवस. या माळेतला सर्वांत चविष्ट मणी म्हणजे चतुर्दशीचे पोहे.

शेते पड का पडली, याला आळस हे उत्तर फार सोपे आहे आणि खोटेही. सिंधुदुर्गातल्या एखाद्या पाच गुंठ्यांच्या कोपऱ्याच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात, त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. कोण कसणार आणि कोणाच्या परवानगीने? गोव्यात १९६४ च्या कूळ कायद्याने आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमिनीचा हक्क दिला. ते न्यायाचेच होते. पण दावे वर्षानुवर्षे रेंगाळले, आणि जमीन कसायला दिली तर ती जाईल या धास्तीने अनेक मालक ती कोणालाच देईनासे झाले. वर मजुरी, वर माकडे, रानडुकरे आणि गवे. वर परतीचा पाऊस: कापून आडवे केलेले भात ऐन दसऱ्यात भिजते आणि शेतातच त्याला मोड येतात. एवढे करून घरी आलेल्या भाताला बाजारात जो भाव मिळतो, त्यात लावणीची मजुरीही सुटत नाही. खाडीलगतच्या, रस्त्यालगतच्या जमिनीवर बिल्डरचा डोळा आहेच. गोवा विधानसभेने २०२३ मध्ये भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणणारा कायदा केला. विक्री रोखणे हे त्यातले अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे ती जमीन कोणीतरी पेरली पाहिजे, आणि पेरणाऱ्याला चार पैसे उरले पाहिजेत.

इथे लाल पोहे उपयोगी पडतात, ही या सगळ्यातली आशेची बाजू. भात म्हणून विकले तर हातात काही उरत नाही. तेच भात पोहे करून दिवाळीच्या आधी विकले तर शेतकऱ्याला बरे पैसे मिळतात. सिंधुदुर्गातले काही महिला बचत गट हे करत आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दिवाळीच्या आधी गावठी पोहे घेऊन बसलेल्या बाया दिसतात. त्यांच्याकडे पाटी नसते, छापील पिशवी नसते. बाजूला माडाच्या गुळाच्या ढेपा आणि कारटांचा ढीग असतो. मुंबईत लालबाग-परळ, गिरगाव, दादर इथल्या चाकरमान्यांकडे गावाहून येणाऱ्या गाडीने पोह्यांची पिशवी आजही येते. ही मागणी भावनेची आहे हे खरे, पण पैसे देणारी आहे.

नरकासुराबद्दलही सांगितले पाहिजे. गोव्यात नरकासुरांच्या स्पर्धांना मोठी बक्षिसे लागतात, रात्रभर कानठळ्या बसवणारे संगीत चालते, आणि ज्या मुलांनी पहाटे न्हाऊन तुळशीपुढे यायचे ती सूर्योदयाला दमून झोपी जातात. पुतळे करण्यातली कला मला आवडते, त्यासाठी महिनाभर राबणाऱ्या पोरांचे कौतुकही आहे. पण असुराला रात्रभर नाचवायचे आणि त्याच्या वधानंतरच्या पोह्यांना कोणी जागे नसायचे, ही दिवाळी उलटी झाली. जी मंडळे नरकासुर जाळल्यावर तिथेच वाडीला पोहे वाढतात, त्यांनी बरोबर ओळखले आहे. सगळ्यांनी तसे करावे.

दिवाळी अंक हाती येतो तेव्हा अजून वेळ असतो, म्हणून वाचकांना थेट सांगतो. तुम्ही कोकणातले किंवा गोव्याचे असाल तर या चतुर्दशीला पांढऱ्या पोह्यांची पुडी आणू नका. गावच्या गिरणीतून, बचत गटाकडून, बाजारात टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून यंदाच्या भाताचे लाल पोहे घ्या, आणि ती सांगेल तो भाव द्या. घासाघीस करू नका. घेताना भात कुठले, वाण कोणते ते विचारा. विचारणारे गिऱ्हाईक वाढले तर वाण टिकेल. पोहे जाडे असतात, त्यांना भिजायला जास्त वेळ लागतो, तेवढे ध्यानात ठेवा. दिवाळीला गावी जाणार असाल आणि तुमचे शेत पड असेल, तर सातबाऱ्यावरच्या भावंडांना एकत्र बसवा आणि गावात कसायला तयार असलेल्या कोणाला तरी ते पुढच्या मृगापासून करू द्या, लिहून-सवरून, दोघांच्याही मनात धास्ती राहणार नाही अशा रीतीने. मोबदला म्हणून पैसे मागू नका. आश्विनात एक पोते भात मागा, आणि ते गिरणीत नेऊन त्याचे पोहे करून आणा.